कारेलीबागेतली जादा कासवं

"चोरी झाली असती तर परवडलं असतं," पूर्णिमाताई म्हणाल्या. "इथे उलट कुणीतरी आणून टाकतंय."

खासगी गुप्तहेर संयोगिता शिर्के टाकीत वाकून पाहत होती. तिचे मामा हिंमतराव दोन पावलं मागेच थांबले होते. भाचीबरोबर ते प्रत्येक तपासाला जात आणि प्रत्येक वेळी भलत्याच माणसावर संशय घेत.

कारेलीबागेतल्या त्या टेनामेंटच्या, म्हणजे सोसायटीतल्या बैठ्या घराच्या, मागच्या अंगणात सिमेंटच्या टाक्या होत्या आणि त्यांत लाल कानपट्ट्यांची परदेशी कासवं. लोक ती नाण्याएवढी असताना हौसेने घेतात. ताटलीएवढी झाली, पाण्याला वास यायला लागला, की हौस संपते. पूर्णिमाताई शाळेत शिकवत आणि अशी नकोशी कासवं सांभाळून त्यांना नवी घरं शोधून देत. आज त्यांनी मुद्दाम रजा घेतली होती.

"सोसायटीने रविवारपर्यंत मुदत दिलीय. कासवं कमी झाली नाहीत तर सगळी हलवा म्हणतात. हलवू कुठे? प्राणिसंग्रहालय घेत नाही. विश्वामित्री नदीत सोडली तर इथल्या कासवांच्या तोंडचा घास जाईल. मी देत सुटलेय आणि टाक्या भरतच चालल्यात."

"तुम्ही दिलेलीच तर ही नव्हेत?" संयोगिताने विचारलं.

"छे. नव्या घरी पाठवताना मी पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका लावते. एरवी मी कुठली नेलपॉलिश लावतेय. यांच्यावर ठिपका नाही."

"आणि दिलेली बरी आहेत?"

"मी वर्गात असते, म्हणून लोकांना बाबांचा नंबर देते. माझे सासरे. ते चौकशी करतात. सगळी मजेत आहेत म्हणतात." ताईंचा चेहरा क्षणभर उजळला. "त्याच जोरावर तर हे चाललंय."

अंगणाचं कुलूप शाबूत होतं. एक किल्ली ताईंच्या पर्समध्ये, एक स्वयंपाकघरात खुंटीला, एक पंप दुरुस्त करणाऱ्या नारायणकडे.

हिंमतरावांनी धीर करून पाण्याकडे हात नेला. "चावतात का?"

"जुनी नाही चावत. नवखं कासव मात्र आठवडाभर माणसाची सावली पडली तरी बुडी मारतं." ताईंनी खाण्याचा डबा टाकीच्या कडेवर ठोकला. सगळी कासवं माना काढून वर आली. त्यांतली तीन त्यांनी दाखवली. "ही कालची पाहुणी."

संयोगिताने एक उचललं. पाठीवर शेवाळ होतं, पण मधोमध तुरीच्या दाण्याएवढी जागा लख्ख होती. दुसऱ्या दोघांचंही तेच.

सोसायटीचे सेक्रेटरी हार्दिकभाई ओट्यावर पेपर वाचत होते. "जुओ बेन, मी अंड्याला हात नाही लावत, कासव उचलून आणणार? पूर्णिमाबेन बहु सारां छे, चांगल्याच आहेत. पण मच्छर होतात, लोक माझं डोकं खातात. मी तरी शुं करूं?"

नारायणचं शोभेच्या माशांचं दुकान कोपऱ्यावरच होतं. "किल्ली आहे, नाही कुठे म्हणतो? मोठी झालेली कासवं लोक मला परत द्यायला येतात. मी त्यांना ताईंचा पत्ता देतो. त्या दिवसाढवळ्या घेतात. मग चोरून टाकायचं कशाला?"

"हाच," बाहेर पडताच हिंमतराव म्हणाले. "फार सफाईने बोलला."

"खरं बोलला, मामा."

पूर्णिमाताईंचे सासरे लक्ष्मीकांत, निवृत्त ग्रंथपाल, पुढच्या झोपाळ्यावर बसले होते. "मी दिवसभर इथेच. गुडघ्यांमुळे मागे जाणं होत नाही."

संयोगिता हात धुवायला त्यांच्या खोलीतल्या बेसिनशी गेली. वरच्या फळीवर दाढीचा ब्रश, तुरटी, कापूस आणि गुलाबी पाण्याची एक छोटी बाटली होती. तिने बाटली हुंगली आणि जागेवर ठेवली. बाहेर पूर्णिमाताई झोपाळ्याशी येऊन उभ्या होत्या; त्यांना हे सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"ताई, नवखं कासव सावलीलाही भितं, असं तुम्हीच म्हणालात. ही तिघं डब्याच्या आवाजाला वर आली. त्यांना तो आवाज ठाऊक आहे. त्यांच्या पाठीवर जिथे ठिपका असायला हवा, तेवढीच जागा स्वच्छ आहे. कुणीतरी तो पुसलाय."

"कुणी?"

"परकं कासव तुम्ही उघडपणे घेता. मग चोरून आणावं लागतं ते तुम्हीच दिलेलं, आणि लपवायचं तेही फक्त तुमच्यापासून. लोकांकडे नंबर कुणाचा? तुम्ही शाळेत असताना खुंटीवरची किल्ली कुणाच्या हाताशी? आणि ज्या घरात कुणी नेलपॉलिश लावत नाही, तिथे ती पुसायची बाटली दाढीच्या सामानात कशी?"

हिंमतरावांनी मान खाली घातली. झोपाळा थांबला होता.

"पहिलं परत आलं तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस," लक्ष्मीकांत म्हणाले. "नंतर लोक म्हणायला लागले, काका, ताईंना तोंड कसं दाखवायचं, तुम्हीच ठेवून घ्या. मी ठिपका पुसून, गुडघे सांभाळत, मागे टाकीत सोडत गेलो. तुला दुसरं काय सांगणार होतो, बाळ?"

"सगळी परत आली?"

त्यांनी नजर झोपाळ्याच्या कडीकडे वळवली.

"बाबा, एक तरी कुठे राहिलं का?"

"समा भागातल्या डॉक्टरांकडे एक राहिलं होतं." त्यांनी चष्मा काढला. "ते गेल्या महिन्यात मेलं."

पूर्णिमाताई पायरीवर बसल्या आणि रडल्या. संयोगिताला त्यांच्यासाठी काही करावंसं वाटत होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. रविवार तसाच यायचा होता. एखादं आपण न्यावं, हे तिच्या मनात आलं. मामांच्याही आलं असावं. दोघंही गप्प राहिले.

फाटकाशी स्कूटर थांबली. एक बाई झाकलेली बादली सांभाळत आत आली आणि ताईंना पाहून दारातच अडखळली.

"मी... काकांकडे आले होते. तुम्ही या वेळी शाळेत असता ना?"

लक्ष्मीकांत गुडघ्यावर हात टेकून उठू लागले. ताईंनी त्यांना खुणेनेच बसवलं आणि पदराने तोंड पुसलं.

"आज घरी आहे," त्या म्हणाल्या. "आत या. बादली जड असेल, दोघी मिळून धरू."