बर्फाखालचं घरटं आणि पेटीवाला

या, अशा जवळ सरका. मागचे पुढे या, मोबाईल पालथे घाला, कुणाची देवापुढची वात लावायची राहिली असेल तर लावून या, मी थांबते. आज गोष्ट आहे पृथ्वीच्या पार खालच्या टोकाची. तिथे समुद्रावर बर्फाची जाड साय धरलेली असते आणि त्या सायीखाली, अंधारात, एक भलताच संसार चाललेला असतो. पण तिथे जायची वाट आपल्या ओझरवरूनच जाते बरं का, म्हणून आधी ओझरजवळच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये शिरू.

तिथला सुपरवायझर जीवन. निफाडकडचा, शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने काटक, बोलायला लाजरा. दिवसभर द्राक्षांची थंडी सांभाळायची आणि संध्याकाळी पंचवटीत सावळीरामबुवांच्या कीर्तनात पेटीवर बसायचं. दोन्हीकडे तो सुखात होता. द्राक्षं काही विचारत नाहीत, आणि बुवा काही बोलू देत नाहीत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी गेटातून एक मुलगी आली. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात चिखलाने भरलेली परात, आणि अंगात नारिंगी रंगाचं एवढं जाड जॅकेट की आधी जॅकेट आत आलं आणि मागून ती.

"मला तुमच्या चेंबरमध्ये बसायचंय. रोज तासभर."

"मॅडम, आत शून्य डिग्री हाय."

"माहितीये. मला हवंय त्याच्यापेक्षा थोडं गरमच आहे, पण चालवून घेईन."

जीवनने तिच्याकडे पाहिलं... आणि बघतच राहिला. शून्याला गरम म्हणणारं माणूस त्याला आजवर भेटलं नव्हतं.

तिचं नाव गोदा. समुद्राच्या तळावर राहणाऱ्या जिवांचा अभ्यास तिने गोव्यात केला होता आणि आता जहाजातून थेट अंटार्क्टिकाला निघाली होती. तिथे तळाचा चिखल वर काढायचा आणि त्यातले जीव जाड हातमोजे घालून, बधिर बोटांनी, एकेक करून वेगळे करायचे. त्याची सवय करायला नाशकात दुसरी जागा कुठली?

मालकांना मजा वाटली, त्यांनी परवानगी दिली. दुसऱ्या दिवसापासून चेंबरच्या कोपऱ्यात, सटाण्याच्या अर्ली, म्हणजे हंगामाआधीच येणाऱ्या द्राक्षांच्या क्रेटांमागे, गोदाने समुद्राचा तळ मांडला. परातीत चिखल, चिखलात भाजी, आणि एकेक भाजी म्हणजे तळावरचा एकेक जीव. डोळ्यांवर पट्टी बांधून ती चाचपायची आणि जीवन समोर खोक्यावर बसून परीक्षा घ्यायचा. खरं तर त्याने तिथे थांबायचं काही कारण नव्हतं.

"हे काय लागलं हाताला?" तो विचारायचा.

"आलं. म्हणजे समुद्रकोळी. तिकडचा कोळी केवढा होतो माहितीये? ताटाएवढा. नुसते पाय. पोटाला जागा उरत नाही म्हणून आतडीसुद्धा पायांत घुसवलेली."

"आणि हे सीताफळ?"

"स्पंज. शेकडो वर्षं जगतो. थंडीत सगळं सावकाश, वाढणंही सावकाश. मग एखादा हिमनग येतो, तळ खरवडून निघून जातो, आणि बिचाऱ्यांना पुन्हा पहिल्यापासून मांडामांड."

"आमच्याकडं गारपीट येती तसं."

"अगदी तसंच," ती हसली. पट्टीखालून नुसतं हसू दिसलं, आणि जीवनला शून्य डिग्रीत घाम फुटला.

एकदा ती म्हणाली, "तिकडे एक मासा आहे, त्याच्या रक्तात लाल रंगच नाही. रक्त पाण्यासारखं."

जीवनने बराच विचार केला. "मग त्याला लाजायला कसं जमतं?"

गोदाने पट्टी वर सरकवली. "तुम्हाला जमतंय ना? तेवढं पुरे आहे दोघांना."

बाहेर द्राक्षं निवडणाऱ्या बायकांची मुकादम तानुबाई दारातून डोकावायची. "जीवनदादा, आत भाजी मांडलीय का संसार?" आणि बायका खिदळायच्या. म्हणून मनातलं काही बोलायचं तर चेंबरमध्येच बोलायला हवं होतं. पण चेंबरमध्ये जीवनचे दात वाजायचे.

"म-म-मला तु-तुम्हाला..."

"चहा हवाय का?"

"...हो."

असे कितीतरी चहा झाले.

एका चहाच्या वेळी तिने सहज विचारलं, "संध्याकाळी काय करता?"

"कीर्तनात पेटी वाजवतो. पण आमचे बुवा लय कडक. एक सूर हलला की भर कीर्तनात डोळे वटारतात. त्यांच्या घरी पोरंबाळं असतील तर त्यांची दया येती बघा."

गोदाने कप तोंडाला लावला. बराच वेळ लावून धरला. "हो... असतील बिचारी."

आणि मग तो दिवस आला. गोदाने परात धुतली, जॅकेटची घडी घातली. "परवा निघते. गुढीपाडव्याआधी परत येणं नाही." परात भिंतीला टेकवली. "जायच्या आधी कुणाला काही सांगायचं असेल... तर उद्या संध्याकाळी मी पंचवटीत आहे."

जीवनचा चेहरा उतरला. "उद्या संध्याकाळी कीर्तन हाय. पेटी सोडून येता नाय येणार."

"मग राहिलं," गोदा म्हणाली, आणि हसू लपवायला पाठ वळवली. ते हसू त्याला दिसलं नाही, हीच तर गंमत.

रात्रभर त्याने कूस बदलली. तोंडातून शब्द निघाला नाही तर मुलगी जाणार, आणि कीर्तन सोडून पळाला तर पेटी जाणार. शेवटी पेटीवर जाऊन बसला. भरल्या सभेत बुवांना बिनसुराचं उभं ठेवणं त्याच्या हातून होणार नव्हतं.

पूर्वरंग संपला, नामाचा गजर झाला, बुवांना हार घातला. बुक्क्याचं तबक घेऊन बुवांच्या घरचं माणूस वादकांकडे आलं. जीवनने डोळे मिटून कपाळ पुढे केलं. बुक्क्याचं बोट टेकलं, आणि कानाशी आवाज आला, "दया येते ना माझी?"

पेटीतून असा काही सूर निघाला की तबलजी दचकला. सावळीरामबुवांनी डोळे वटारले. आणि जीवनला पहिल्यांदाच दिसलं, तसेच डोळे समोर तबक धरून उभे होते.

बुवांनी उपरणं सावरलं. "आजचं आख्यान पुराणातलं नाही, मंडळी. आमची गोदी उद्या बर्फाच्या समुद्रावर निघाली आहे. शेजारीपाजारी विचारतात, त्या थंडीत असतंय काय मेलं बघण्यासारखं? तर ऐका." आणि काय रंगवलं म्हणून सांगू! ज्याने गोदाकाठी उंबर लावला त्यानेच त्या काळोखात स्पंज लावले. उन्हाळ्यात वर बर्फ वितळतो, हिरवं शेवाळ माजतं, आणि त्याचे कण झिरपत झिरपत तळाला पोचतात. वर्षभराचा प्रसाद तेवढाच, पण उपाशी कुणी राहत नाही. बायका पदराने डोळे टिपायला लागल्या.

"आणि तिथे एक मासा आहे. चिखल बाजूला सारून वाटीसारखं घरटं करतो, बारीक खडे मांडतो. त्यात अंडी. आणि ती राखायला बसतो कोण? नर! हलत नाही, कंटाळत नाही, महिने महिने एका जागी." बुवांनी चिपळ्या थांबवल्या आणि सवयीप्रमाणे डावीकडे वळले. "काय हो पेटीवाले? एका जागी बसून वाट बघणारा असा नर आपल्या नाशकात मिळेल?"

आता तुम्हाला ठाऊक आहे, बुवांनी असं विचारलं की पेटीवाल्याने मान डोलवून "कुठला हो बुवा" म्हणायचं असतं. जीवन दर वेळी तेच म्हणत आला होता. पण त्या दिवशी जीभ आपल्या मनानेच वळली.

"आहे की बुवा."

सभा हसली. बुवांनी भुवई उचलली. "कुठे आहे?"

आता माघार नव्हती. दात वाजत नव्हते, थंडीही नव्हती.

"पेटीवर," जीवन म्हणाला.

बुवा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच बायकांच्या बाजूला पाहिलं. गोदा तबक छातीशी धरून उभी होती, आणि तिच्या रक्तात लाल रंग भरपूर आहे हे सगळ्या पंचवटीला दिसत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मी असले नर शोधायलाच चाललेय. पण पहिला इथेच सापडला असं तिकडे सांगेन."

बुवा खाकरले. "जीवनराव, मी कडक आहे असं कोल्ड स्टोरेजमध्ये सांगत असता म्हणे?"

"...हो बुवा."

"खरं आहे ते. पेटीवर काळी चारचा सूर धरा. आणि ती येईपर्यंत तो सोडायचा नाही."

पेटी वाजली. त्या दिवशीचा गजर लांबता लांबला.

गोदा आत्ता तिकडेच आहे, जहाजावर, नारिंगी जॅकेटात. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा सगळ्यांसाठी मागून झालं की तिचंही नाव घ्या. म्हणा, आमच्या नाशिकची एक लेक बर्फात हात घालून तुझीच लेकरं बघते आहे, तिची बोटं सांभाळ.