लॅबच्या नळाची बातमी

लॅबच्या बातम्या स्वतः आणून देण्यात संघदीपचा फायदा किती? रचनानं एकदा मनातल्या मनात मांडून पाहिलं. दोन जिने चढायचे, चहाची सुट्टी घालवायची, आणि पदरात काय, तर तिच्या टेबलासमोरची सहा मिनिटं... त्यातली चार ती कॉम्प्युटरकडेच बघत असायची. एवढ्या तोट्यात माणूस दर शुक्रवारी येतो, म्हणजे त्याला एकतर हिशोब येत नाही, नाहीतर फारच चांगला येतो!

गोंदियातलं ते मेडिकल कॉलेज नवं होतं, दवाखाना जुना. रचना अधिष्ठात्यांच्या ऑफिसात लिपिक. कोण रुजू झालं, कोणाचं व्याख्यान, कोणाचा निरोप अशा आठवड्याच्या बातम्यांचं पत्रक तीच काढायची. सोमवारी अकराला ते लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागायचं.

लॅब टेक्निशियन संघदीप पहिल्यांदा आला तो भांडायलाच.

"मॅडम, रक्तदान शिबिरात त्रेसष्ट पिशव्या झाल्या. तुम्ही छत्तीस छापल्या. सत्तावीस लोकं काय हवा खायले आले होते?"

"पुढच्या अंकात दुरुस्त करते."

"बरोबर झालं का पाहायले येतो मग."

"पत्रक खाली लागते, वर नाही."

"खाली गर्दी राहते..." तो म्हणाला, आणि गेला.

तेव्हापासून लॅबमध्ये भलत्याच घडामोडी व्हायला लागल्या. नवा पंखा आला. मायक्रोस्कोपचा दिवा बदलला. नळाची गळती थांबली.

"ही बातमी आहे?" रचनानं विचारलं.

"तीन महिन्यांपासून गळत होता, मॅडम. आमच्यासाठी तं सणच आहे."

हसू दाबत तिनं नळ छापला. सोमवारी अल्का सिस्टरनी बोर्डासमोरच तिला गाठलं. "काऊन वो रचना, हृदयाच्या डॉक्टरचं व्याख्यान दोन ओळीत अन् नळ चार ओळीत?"

"जागा उरली होती, सिस्टर."

"दिसून राहिली ना जागा! कुठं कुठं उरली तेबी दिसून राहिलं."

रचनाचे कान तापले. त्या दिवसापासून ती शुक्रवारी कॉम्प्युटरकडे चार नाही, दोनच मिनिटं बघायला लागली.

आणि मग मे महिन्यात एका शुक्रवारी बदल्यांची यादी आली. सातवं नाव — संघदीप मेश्राम, यवतमाळ. सात दिवसांत रुजू व्हायचं. बदल्या पत्रकात पहिल्या छापायच्या, असा ऑफिसचा नियम. तिनं बाकीची सहा नावं टाइप केली. सातव्यापाशी बोटं थांबली... यादीचा तो आदेश तिनं टाचण्यांच्या डब्याखाली सरकवला.

तीन वाजता तो आला. हातात दरवेळची चिठ्ठी नव्हती. कूलरच्या खसाचा ओला वास, आणि समोर तो — नुसताच उभा.

"बातमी?"

"नाही."

"मग काऊन आले?"

"तेच जिन्यावर विचार करून राहिलो होतो." तो कूलरकडे पाहत म्हणाला. "बातमी नसली तरी यावं वाटलं."

रचनानं डबा उचलला आणि आदेश पुढे केला. "तुमची बातमी माझ्याकडे आहे."

त्यानं वाचला. पुन्हा वाचला. "रद्द नाही होत?"

"अर्ज करता येतो. कारण लागते."

"आई आजारी?"

"परवाच्या आरोग्य शिबिरात तुमच्या आईनं दोन प्लेट पोहे खाल्ले. सगळ्या स्टाफनं पाहिलं."

"दुसरं कोणतं चालते?"

"पत्नी इथंच सरकारी नोकरीत असली तर." रचना टेबलावरच्या शाईच्या डागावर नख घासत राहिली. "पण ती आज असायला पाहिजे. तुम्ही उशीर केला."

"म्हणजे जावंच लागते..."

"तुम्ही रुजू व्हा. मग पती-पत्नी एकत्र म्हणून तिकडं बदली मागता येते."

"कोणाले?"

"पत्नीले."

कूलर घरघरत राहिला. आपण काय बोलून बसलो ते तिला आत्ता कळलं, आणि तिनं ते परत घेतलं नाही.

"पण रचना," तो पहिल्यांदाच मॅडम विसरला, "तुमाले घर सोडावं लागल. कुडव्याहून स्कुटीनं सात मिनिटं तुमची ड्युटी. गोंदिया मिळवायले तीन वर्षं झटल्या तुम्ही."

"माझा हिशोब मी करते. तुम्ही रक्त तपासा."

"मग विचारू?"

"विचारा ना! पाचला पत्रक छापायले जाते."

त्यानं विचारलं. काय शब्दांत, ते तिनं अल्का सिस्टरलाही कधी सांगितलं नाही.

सोमवारी बोर्डावर बदल्यांची सातही नावं होती, आणि लगेच खाली: 'विवाह निश्चित — रचना रामटेके व संघदीप मेश्राम.' इतकी गर्दी झाली की लिफ्टचं दार बंद होईना.

जूनमध्ये कुडव्याच्या विहारात लग्न झालं, आणि दिवाळीआधी रचनाचा बदली अर्ज मंजूर झाला. मोठे बाबू शालीकराम यांच्या गळ्यात पत्रक पडलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका जिवंत डॉक्टरला श्रद्धांजली वाहिली. संघदीपला सगळंच फुकटात पडलं, हे तो स्वतःच सांगतो. भरलं ते रचनानं — माहेर, सात मिनिटांचा रस्ता, आईच्या हातचं दुपारचं गरम जेवण. यवतमाळच्या हजेरीपटावर सही करताना तिनं हे सगळं एकदा मोजलं, आणि पेनचं टोपण लावता लावता तिला हसू आलं. स्वस्तात पडलं होतं.