हाताची ऊब

आमच्या दुर्बिणीला काच नाही, पत्र्याचा कर्णा आहे. मोजणी सुरू करण्याआधी कुणीतरी त्याच्यासमोर हात धरायचा. उबेने पडद्यावरची रेघ टुणकन वर उडते. म्हणजे यंत्र शुद्धीवर आहे. हे काम माझ्या नवऱ्याचं. तो यंत्र सांभाळतो, मी आकडे. विश्वाच्या जन्मातली उरलीसुरली ऊब आम्ही अचूक मोजतो आणि घरी दूध मात्र हटकून उतू घालवतो.

महिनाभर आकाशातला एक ठिपका मला छळत होता. आरंभी सगळीकडे एक बारीक थरथर होती, तिच्यातूनच पुढे तारे, माणसं, सगळं झालं. त्या ठिपक्यात ती नव्हतीच. तिथे अजून काही सुरूच झालं नव्हतं म्हणा ना! पण आमची परीक्षा घ्यायला नवरा अधूनमधून आकड्यांत खोटा संकेत मिसळतो, म्हणून मी निर्धास्त होते.

"पुरे झाली थट्टा," मी आज म्हटलं. "सापडला तुझा ठिपका."

"या खेपेला मी काहीच मिसळलं नाही गं. आईशपथ."

तो हसत नव्हता.

"कर्ण्यातच काहीतरी असेल," तो म्हणाला. "पण कालच तर आत खांद्यापर्यंत हात घालून पुसला मी." कर्णा तेव्हाही त्या ठिपक्यावरच रोखलेला होता.

त्याने समोर हात धरला. रेघ खाली गेली, तळाला टेकली आणि सरळ झाली. हे शक्यच नाही. रिकाम्या जागेचीसुद्धा थोडी थरथर असते.

मी माझा हात धरला. रेघ टुणकन उडाली.

"आता तू."

सरळ.

मी त्याचा हात घट्ट धरला. नेहमीसारखाच होता, खरखरीत आणि उबदार. "घाबरू नकोस," तो म्हणाला. मी घाबरलेच होते. माझा हात सोडवून पुन्हा कर्ण्यासमोर धरला.

सरळ.

मी घरी फोन लावला. बाळ सासूबाईंजवळ होतं.

"पिल्लू कसं आहे?"

"इतकं गुणी कधी झालं गं?" सासूबाई म्हणाल्या. "सकाळी बाबाने कडेवर घेतल्यापासून चूं नाही की चां नाही."

"आई, त्याला हात लावू नका."

"मांडीवरच तर आहे माझ्या. तेवढं दूध घेतलं नाही बघ. सकाळी पिल्लाने पेल्याला हात लावला फक्त. अजून निवलं नाही ते. वाफ दिसतेय, पण हलत नाही."