छोट्या सपाता

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी स्वतः त्या खोलीत होते. पटेल त्याने मानावी, पण यात एक अक्षर खोटं नाही.

जपानमधल्या तोत्तोरी गावात आमचं मानसिक चाचण्यांचं छोटं केंद्र आहे. जानेवारीतली संध्याकाळ होती. बाहेर बर्फ पडत होता.

शिनोबू शेवटच्या चाचणीला आली होती. तिची मुलगी चिका तापाने गेली होती. तरी शिनोबू तिच्या वाटीत भात वाढायची, तिच्याशी बोलायची. सासूने धसका घेतला आणि धाकट्या मुलाला, रित्सूला, आपल्याकडे नेलं. शिनोबूचं मन ठीक आहे असं मी लिहून दिलं, तरच तो घरी येणार होता.

आमच्याकडे बूट दारात काढून सपाता घालायच्या. काउंटरवरच्या मात्सुए बाईंनी तिच्यापुढे दोन जोड ठेवले.

एक मोठा. एक छोटा...

दुसरा कुणाला, मी विचारलं.

"पोरगी आहे ना मागे. सेन्सेई, चष्मा बदला आता," बाई मला म्हणाल्या. डॉक्टरांना आमच्याकडे सेन्सेई म्हणतात.

मागे कुणीच नव्हतं.

बाईंना चिकाबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. शिनोबूने मान खाली घातली आणि मोठा जोड घालून आत आली.

मी तिला फळांचं झाड काढायला सांगितलं. सगळ्यांनाच सांगते; चित्रातून मन कळतं. तिने छान झाड काढलं. मग खाली जमिनीवर एक छोटं फळ काढलं. माझी नजर तिथे गेलेली तिला कळली. तिने खोडरबर घेतलं आणि कागद फाटेस्तोवर ते फळ पुसलं.

खोलीबाहेर, थांबायच्या बाकाजवळ काहीतरी सरकलं...

मला विचारणं भागच होतं.

"शिनोबू-सान, चिका अजून दिसते?"

तिने फाटलेला कागद पालथा घातला.

"नाही. माझ्याबरोबर कुणी नाही."

दाराबाहेर हुंदका आला... लहान मूल आवाज दाबून रडतं तसा.

तिनेही तो ऐकला. पण तिने वर पाहिलं नाही.

काय करणार होती बिचारी? एका लेकरासाठी दुसऱ्याला नाकारायचं होतं. मी 'ठीक आहे' असं लिहिलं. आजही तेच लिहीन.

वसंतात तिचा फोन आला. रित्सू घरी रुळला होता. मग आवाज एकदम खाली आला.

"सेन्सेई, चिका आता घरी येत नाही हो. तिकडे कुठे दिसली का?"

मी नाही म्हणाले. हो म्हटलं असतं, तर ती धावत आली असती आणि रित्सू पुन्हा गेला असता.

मात्सुए बाई आता चष्म्यावरून चिडवत नाहीत. रोज आम्ही दोघी सपाता कपाटात ठेवून कुलूप लावतो. तरी रोज सकाळी छोटा जोड बाकाखाली असायचा. टोकं दाराकडे... आई आली की लगेच निघता यावं अशी.

काल मला राहवलं नाही. रिकाम्या बाकापाशी बसले.

"चिका, आई खोटं बोलली गं. तुझ्या भावासाठी बोलली."

आज सकाळी बाकाखाली काही नव्हतं.

मला हायसं वाटायला हवं होतं. पण दुपारपासून मी फोनजवळून हललेले नाही. आज त्या घरात चिकाच्या वाटीत पुन्हा भात वाढला असेल का, आणि ते सासूने पाहिलं तर नसेल ना, हेच मनात येतंय.