घंटीवरची पाळत

ओढ्याच्या उतारावर, उन्मळून पडलेल्या झाडांमध्ये, तो गुडघे टेकून बसलेला दिसला. हातात कात्री.

"काय चाललंय?"

"फुलं बघतोय."

"बघायला कात्री लागते?"

तो नुसता हसला. इतकं गोड हसणाऱ्यांवर माझा मुळीच विश्वास नाही.

मी वनखात्यात वनस्पतींची अभ्यासक. त्या उतारावरची घंटी म्हणजे माझा जीव की प्राण. कमरेएवढं झुडूप, पानांखाली लपलेली फिकट फुलं... वाकल्याशिवाय दिसायची नाहीत. ओल्या, कुजलेल्या पाल्यात आणि सावलीतच ते जगतं. वादळात वरची मोठी झाडं पडली, ऊन थेट आत आलं आणि घंटी माना टाकू लागली. त्यात कुणीतरी तिच्या फांद्या छाटून नेत होतं. काप तिरपा, सराईत हाताचा.

मग काय, मी रोज पाळत ठेवू लागले. तोही रोज यायचा.

"आज उशीर केलात. मी आपला वाट बघत बसलोय."

"चोरानं पोलिसाची वाट बघायची नसते."

"पोलीस असा असेल तर..." पुढचं तो बोलायचाच नाही. मला मात्र ते दिवसभर पुरायचं, आणि माझाच मला राग यायचा.

एका भुरभुरत्या दुपारी मी गुपचूप त्याच्या मागे गेले. गावाबाहेर त्याची रोपवाटिका होती. मागच्या जाळीखाली पिशव्याच पिशव्या, सगळ्यांत घंटी.

"विकायला?" मी विचारलं.

"परत लावायला—" तो गडबडला. "तिथं उन्हात ती टिकणार नाही. म्हणून फांद्यांची रोपं केली."

"आणि मी यावर विश्वास ठेवू?"

आतून त्याची आई आली. मला न्याहाळत म्हणाली, "अगं, तूच होय ती, सारखी संशय घेणारी? घरात दुसरा विषय नाही. काही रोपं पलीकडच्या काठाला लावलीत त्यानं. जाऊन बघ की."

त्याचे कान लाल झाले.

सकाळी ओढा ओलांडून गेले. दाट सावलीत रोपं उभी होती, बुंध्याशी पाला नीट लोटलेला. शेंड्याला नवी पानं. तो शेजारीच पाणी घालत होता.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही यायच्या थांबला असतात."

मी वाकून एका रोपाचं पान उलटून पाहू लागले.

"फिटला संशय?" त्यानं हळूच विचारलं.

"छे. रोपं जगतात का, ते कळायला दोन पावसाळे जातील. रोज येऊन बघावं लागेल... दोघांनाही."

परतताना ओढ्यात त्यानं हात पुढे केला. दगड काही तेवढा निसरडा नव्हता. तरी मी हात धरला, आणि काठावर पोचल्यावरही सोडला नाही.