सलाईन बंद

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाचं दार ढकलून तो आत आला, तेव्हा स्ट्रेचरवर चार वर्षांची मुलगी निपचित पडली होती आणि त्याच्या हातात सलाईनची तिसरी पिशवी तयार होती. रुग्णवाहिकेचा डॉक्टर. घामाघूम झालेला, पण डोळे… छे, हे काय बघतेय मी, असं तिने स्वतःलाच झापलं.

विभागाची डॉक्टर ती. पाठीमागे सगळे तिला हेडमास्तर म्हणत, आणि तिला ते मनापासून आवडे.

"जंतुसंसर्ग रक्तात पसरलाय. दोनदा भराभर सलाईन दिलं, तरी बीपी खालीच," तो म्हणाला. "तिसरं सोडतो."

तिने मुलीच्या पोटावर बोटं टेकवली. यकृत सुजून बरगडीखाली उतरलं होतं. छातीला स्टेथोस्कोप लावला, तर आत बुडबुडे.

"सलाईन बंद."

"अहो, बीपी पडलंय आणि—"

"पाणी फुफ्फुसात चाललंय. अजून ओतलंत तर श्वास कोंडेल तिचा. हृदयाला जोर देणारं औषध लावते."

"आणि तुम्ही चुकलात तर?"

"तर माझ्या माथी. पण मी चुकत नाहीये."

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं… आणि पिशवी निमूट खाली ठेवली.

औषध सुरू झालं. त्याचं काम खरं तर संपलं होतं, पण गडी हलेना. मुलीचे गार पाय तळहातांत धरून बसला.

"त्याने बीपी वाढत नाही हं," ती म्हणाली.

"माहितीये. मला धीर येतो."

हेडमास्तर विरघळल्या. साफ विरघळल्या.

"अहो… पाय गरम लागतायत!"

तिने वाकून पाहिलं. लघवीच्या नळीत एक पिवळा थेंब उतरला, मग दुसरा, मग बारीक धार.

"शू!" दोघं एकदमच ओरडले. लघवी उतरली म्हणजे रक्त पुन्हा नीट फिरायला लागलं होतं. मुलगी वाचणार होती.

बाहेर बाकावर मुलीचा बाप बसला होता. त्याला सांगितलं, तसा तो हमसाहमशी रडला आणि आत धावला. आता दोघंच उरले.

"मला तुम्ही आवडलात," ती सरळ म्हणाली. "ड्युटी सुटली की मी कॉफीला जाते. तुम्ही येताय."

तो कानापर्यंत लाल झाला. "हे विचारणं झालं की सांगणं?"

"सांगणं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दुसरं मूल आणायचं होतं. तो पळाला, पण जिन्याच्या वळणावरून ओरडलाच, "एक खाट तयार ठेवा! आणि कॉफीला एक खुर्ची… तुमच्या शेजारची!"

हेडमास्तर लाजल्या, आणि उघड्या दारातून अख्ख्या वॉर्डाने ते पाहिलं.