पाहुणा बाण

मारिसेलने माउसला हातही लावला नव्हता, तरी पडद्यावरचा बाण तुरुतुरु पळत सुटला. ती किंचाळलीच.

"घाबरू नका, मी आहे," फोनवरून आवाज आला. "मोंतेविदेओहून. परवानगीचं बटण तुम्हीच दाबलंत ना?"

"दुरुस्तीसाठी दाबलं. माझ्या फायली उचकायला नाही!"

"'लग्नात काय घालू' ही फाईल उघडीच होती हो... निळा घाला."

मेलो गावच्या छोट्या रेडिओ केंद्रात मारिसेल दुपारची गाणी लावायची. तिथला म्हातारा संगणक सारखा रुसायचा, आणि योआन्द्री — क्यूबाहून नुकताच आलेला, राजधानी मोंतेविदेओत संगणक-दुरुस्तीच्या नोकरीला लागलेला — तिकडे बसल्या बसल्या तिचा पडदा उघडून त्याची समजूत घालायचा. हळूहळू संगणक जरा जास्तच रुसू लागला. मारिसेलला माणसांचा हिशोब बरोबर कळे: काम चिमूटभर, बाणाचं रेंगाळणं मात्र ओंजळभर! ती एखाद्या गाण्याकडे निघाली की योआन्द्री बाण खेचून भलत्याच गाण्यावर नेऊन ठेवी.

"सोड! श्रोते माझे आहेत."

"आणि मी कोण?"

"तू? फुकटचा भाडेकरू!"

मग एके दिवशी केंद्राचे मालक वॉशिंग्टनकाका म्हणाले, "नवा संगणक येतोय. आता त्या पोराची गरज नाही."

मारिसेल पुढचं गाणं लावायचंच विसरली. गरज नाही? मग रोज दुपारी भांडायचं कुणाशी?

शेवटच्या दुरुस्तीला बाण पडद्याच्या मधोमध नुसताच थांबून राहिला.

"योआन्द्री... जोडणी तुटली का रे?"

"नाही. तोडवत नाहीये."

"मग... ये ना इकडे. बस असते."

"खरंच येऊ?"

"पडद्याला विचारतोयस की मला?"

रविवारी तो केंद्रावर आला. दोन स्वेटर, लालभडक नाक, आणि फोनवरची सगळी बडबड कुठे सांडून आलेला कोण जाणे! मारिसेलने थर्मासमधलं गरम पाणी माटेच्या पानांवर ओतून कडू काढा केला आणि वाळक्या भोपळ्याचा पेला, आपली प्यायची नळी तशीच ठेवून, त्याच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली... तो प्यायला, तोंड वाकडं न करण्याची शिकस्त केली, आणि पेला परत देत अदबीने म्हणाला, "धन्यवाद."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. तिने थर्मासचं झाकण लावलं.

"बरं. परतीची बस चारला आहे."

"अगं, पण... मी काय केलं?"

"काही नाही. नको तर नको."

दारात उभ्या वॉशिंग्टनकाकांना राहवलं नाही. "अरे गाढवा! पेला परत देताना धन्यवाद म्हणायचं म्हणजे 'बास झालं, आता नको'! हवं असेल तोवर गप्प बसतात इथे!"

योआन्द्री पांढराफटक पडला. मग त्याने तिचा थर्मासवरचा हात हलकेच बाजूला केला, आणि झाकण उघडलं.

"ओत."

"कडू लागतंय ना?"

"विषासारखं. ओत."

तिने ओतलं. तो प्यायला. डोळ्यांत पाणी, पण पेला परत देताना ओठ असे गच्च मिटलेले, की चुकून आभार निसटायला नकोत!

काका खोकत खोकत आत गेले.

"इतके घट्ट मिटायची गरज नाही काही..." मारिसेल म्हणाली, आणि जवळ सरकली.